प्राचार्य महोदय, उमेदवारांना प्रश्न विचारायचं काम मुलांना करू द्या

नगरपरिषद असलेल्या गावांमधल्या महाविद्यालयांच्या सर्व प्राचार्यांना,

सप्रेम नमस्कार.

नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, गुलाल उधळून झाला, आचारसंहिताही उठली. म्हणूनच हे पत्र आत्ता लिहितो आहे. नोव्हेंबरात लिहिलं असतं तर तुमच्या कार्यालयातून एकच उत्तर आलं असतं: ‘आत्ता नको, आचारसंहिता लागली आहे.’ आता ते कारण उरलेलं नाही, तेव्हा निवांत बोलता येईल.

मागणं एवढंच आहे. आपल्या गावात नगराध्यक्षपदाची निवडणूक लागेल तेव्हा सगळ्या उमेदवारांना एका मंचावर बोलावून गावासमोर प्रश्न विचारण्याचा कार्यक्रम तुमच्या विद्यार्थ्यांनी करावा. तुम्ही तो करू द्यावा, आणि त्याची तयारी आत्तापासून सुरू करावी.

मी शिक्षणक्षेत्रातला नाही. नगरपरिषदेच्या लेखा विभागात आयुष्य घालवून निवृत्त झालेला माणूस आहे. बिलं तपासली, अंदाजपत्रकं बांधली, आणि निवडून आलेल्या मंडळींना ‘साहेब, हे आपल्या अखत्यारीत येत नाही’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकवलं की ते झोपेतही बोलत असेन. प्रचारात एमआयडीसी आणण्याचं, रेल्वेचा थांबा मिळवून देण्याचं, गावातल्या पोरांना नोकऱ्या लावण्याचं वचन देऊन लोक निवडून येतात. पहिल्या सर्वसाधारण सभेनंतर त्यांच्या लक्षात येतं की आपल्या हातात आहे ते पाणी, गटार, कचरा, दिवाबत्ती, बांधकाम परवाने आणि घरपट्टी. बरं, हे मतदाराला आधी कोण सांगणार? उमेदवार सांगत नाही. पक्षाचा मोठा नेता सभेला येतो तो मुंबई-दिल्लीचं बोलून जातो. वाहिनीचा कॅमेरा चौकात अर्धा तास थांबतो, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते एकमेकांवर ओरडतात, आणि त्याला जनतेचा कौल म्हणतात.

आता, हे काम विद्यार्थ्यांनीच का करावं? व्यापारी संघटना, डॉक्टर मंडळी, ज्येष्ठ नागरिक संघ, पत्रकार संघ आहेतच की. आहेत, पण व्यापाऱ्याचा गाळा नगरपरिषदेच्या संकुलात भाड्याने असतो, डॉक्टरच्या दवाखान्याच्या वाढीव मजल्याची फाइल आत पडलेली असते, गावातल्या पत्रकाराचं दिवाळीचं गणित शुभेच्छांच्या जाहिरातींवर चालतं. मी कुणाला नावं ठेवत नाही. लहान गावात प्रत्येकाचं काही ना काही नगरपरिषदेच्या दारात अडकलेलं असतं, त्यामुळे अवघड प्रश्न विचारताना जीभ आपोआप अडखळते. विशीतल्या मुलांचं अजून काही अडकलेलं नाही. चार-पाच वर्षांत त्यांचंही अडकेल. तेवढ्या मोकळ्या काळात त्यांनी विचारून घ्यावं.

दुसरं असं की या मुलांनी निवडून आलेली नगरपरिषद चालताना कळत्या वयात फारशी पाहिलेलीच नाही. आपल्याकडच्या बहुतेक नगरपरिषदांच्या याआधीच्या निवडणुका 2016 च्या अखेरीस झाल्या. आज तृतीय वर्षाला असलेली मुलं तेव्हा पाचवी-सहावीत होती. पुढे मुदत संपली, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 6 मे 2025 च्या आदेशानंतर हे गाडं हललं. तोवर कारभार प्रशासकाकडे. नगरसेवक म्हणजे वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा माणूस, एवढीच या मुलांची ओळख. त्यातही ज्यांना 1 जुलै 2025 नंतर अठरा वर्षं पूर्ण झाली त्यांचं नाव या मतदारयादीत आलंच नाही, कारण तीच तारीख धरली होती. अशा मुलांना मत देता आलं नाही, पण प्रश्न विचारायला मतदारयादीत नाव लागत नाही.

तुम्ही म्हणाल, आमचं महाविद्यालय मतदार जागृती करतंच. करता, हे मला माहीत आहे. 25 जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन होतो, निवडणूक साक्षरता मंडळाचा फलक लागतो, रांगोळी, पथनाट्य, मानवी साखळी, शपथ, आणि सगळ्यांचा मिळून फोटो. एनएसएसची मुलं ‘मतदान करा’ म्हणत बाजारपेठेतून जातात. मग त्याच मुलांनी ‘कुणाला आणि कशासाठी’ एवढा पुढचा प्रश्न काढला की मात्र सगळ्यांना घाम फुटतो. मतदान करा हे सांगायला मुलं चालतात, त्याच्या पलीकडे गेली की ते राजकारण होतं. हे मला कधी समजलं नाही.

वक्तृत्वाची तर आपल्याकडे रेलचेल आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही भरते, आणि तिचं अनुकरण करणाऱ्या व्याख्यानमाला कुठल्याही तालुक्यात सापडतात. महाविद्यालयांत फिरता करंडक असतो, वादविवाद स्पर्धा असते, ‘मोबाईल : शाप की वरदान’ हा विषय असतो. मुलं सात मिनिटं बिनचूक बोलतात. पण समोरच्या माणसाला एक प्रश्न विचारायचा, त्याने बगल दिली की तोच प्रश्न न चिडता पुन्हा विचारायचा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मोठ्यांना तरी कुठे येतं!

आमच्या गावातल्या काही मुलांनी या वेळी हा घाट घातला. महाविद्यालयाने आधी हो म्हटलं, दोन दिवसांनी नाही म्हटलं. कारण अर्थात आचारसंहितेचं. मुलं निवडणूक कार्यालयात गेली तर तिथे सांगितलं, ‘आमची हरकत नाही, जागेची परवानगी तुमच्या प्राचार्यांची आणा.’ प्राचार्य म्हणाले, ‘निवडणूक कार्यालयाचं लेखी आणा.’ या चेंडूफळीत आठवडा गेला. शेवटी सार्वजनिक वाचनालयाने वरचं सभागृह दिलं, पोलिस ठाण्याची आणि निवडणूक कार्यालयाची रीतसर परवानगी मिळाली, आणि कार्यक्रम झाला. नगराध्यक्षपदाच्या पाच उमेदवारांपैकी तीन आले.

मुलांनी मला आधी गाठलं होतं ते अंदाजपत्रक वाचायला शिकवा म्हणून. पण कार्यक्रमात खरी मजा आणली ती एका मुलीने. तिच्या वडिलांचं बाजारात छोटं दुकान आहे. ती दुकानाच्या घरपट्टीचं बिल घेऊन आली आणि ओळ न ओळ वाचून दाखवली: इमारत कर, वृक्ष कर, अग्निशमन कर, राज्य शिक्षण कर, रोजगार हमी कर, थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती. मग म्हणाली, ‘काका, यातले कोणते पैसे आपल्या नगरपरिषदेकडे राहतात आणि कोणते सरकारकडे जातात, हे तिघांनीही सांगावं.’

दोन वेळा नगरसेवक राहिलेले उमेदवार हसले, म्हणाले, ‘बाळा, हे तांत्रिक झालं, आमचे अधिकारी बघतात.’ दुसऱ्यांनी घरपट्टी माफ करण्याची घोषणाच करून टाकली. तिसरे अपक्ष, वह्या-पेनांचं दुकान चालवणारे. ते उठून म्हणाले, ‘शिक्षण कर आणि रोजगार हमी कर सरकारचा, बाकीचा आपला. रोजगार हमी फक्त दुकानदाराला लागतो, घराला नाही. मी दरवर्षी भरतो म्हणून माहीत आहे.’ बरोबर उत्तर होतं. लगेच त्या मुलीने पुढचा प्रश्न टाकला की वृक्ष कर घेता तर गेल्या वर्षी झाडं किती लावली. त्यावर तिघंही गप्प.

ते अपक्ष निवडून आले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं मी चमत्कार सांगतो आहे. अशा कार्यक्रमाने निकाल फिरत नसतो. जात, पैसा, पॅनल, भावकी, वरचा नेता ही गणितं एका संध्याकाळीत मोडत नाहीत. पण घरपट्टी माफीची घोषणा करणाऱ्या उमेदवारांना सभागृहातल्याच एका निवृत्त शिक्षकांनी ‘मग सफाई कामगारांचे पगार कशातून करणार?’ असं विचारलं, आणि त्यानंतरच्या त्यांच्या कोपरा सभांमध्ये माफीची जागा ‘सवलती’ने घेतली. माझ्यासारख्या लेखापालाला एवढंही पुष्कळ आहे. नगरपरिषदांची जकात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गेली. तेव्हापासून स्वतःचं म्हणावं असं मोठं उत्पन्न घरपट्टीचंच, बाकी सगळं वरून येणाऱ्या अनुदानाकडे डोळे लावून. ती माफ करतो म्हणणाऱ्याला निदान हिशेब विचारला गेला.

आता तुमच्या भीतीकडे येतो, कारण ती खोटी नाही.

पहिली भीती राड्याची. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांनी विद्यार्थी निवडणुकांतला हिंसाचार पाहिला आहे, आणि नव्वदच्या दशकात त्या थेट निवडणुका बंद झाल्या त्या त्यामुळेच. नंतर गुणवत्तेच्या यादीवरून प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुका परत आणल्या, 2019 मध्ये वेळापत्रकही निघालं आणि पुढे ढकललं गेलं. दिल्लीच्या जेएनयूमध्ये विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदाचे उमेदवार मतदानाआधी सगळ्यांसमोर उभे राहतात, भाषण करतात, एकमेकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना तोंड देतात. तिथल्या राजकारणाबद्दल तुमचं मत काही असो, ती प्रथा चांगली आहे. आपल्या मुलांच्या वाट्याला तेही नाही. मग ती राजकारणापासून दूर राहिली का? नोव्हेंबरातल्या मोटारसायकल रॅल्या आठवा. पुढच्या पन्नास गाड्यांवर कोण होतं? तुमच्याच वर्गातली मुलं. पेट्रोल आणि रात्रीचं जेवण यावर ती मिळतात. राजकारणात मुलं नकोत म्हणणारी आपली पिढी त्यांना रॅलीत बिनबोभाट जाऊ देते आणि सभागृहात प्रश्न विचारू देत नाही.

राडा टाळता येतो. आमच्याकडे प्रवेश पासवर होता, प्रत्येक उमेदवाराला सारखेच पास. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेतले, एकाच विषयाचे एकत्र केले. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. घोषणाही नको आणि टाळ्याही नको, असं सुरुवातीलाच सांगितलं आणि सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने ते मोडू दिलं नाही. मागे उभ्या असलेल्या दोन कार्यकर्त्यांनी आवाज चढवला तेव्हा त्यांच्याच उमेदवाराने हाताने खाली बसा म्हणून खुणावलं. मतदार समोर बसलेला असला की उमेदवार कार्यकर्त्यांना आवरतो, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

आणखी एक: हार, शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय यातलं काहीही नको. एकदा सत्कार सुरू झाले की कुणाला आधी हार घातला यावरून भांडण, आणि अर्धा तास गेलाच.

दुसरी भीती तुम्ही बोलून दाखवत नाही, पण गाव जाणून आहे. तुमच्या संस्थेचे अध्यक्ष कुठल्या पक्षात आहेत, त्यांचा पुतण्या कुठल्या प्रभागातून उभा आहे, हे पानटपरीवालाही सांगेल. अशा संस्थेच्या सभागृहात विरोधी उमेदवार का येईल, आणि आला तर त्याचा विश्वास कसा बसेल? याचं उत्तर सोपं आहे: कार्यक्रम तुमच्या आवारात घेऊच नका. मुलं तुमची असू द्या, जागा गावाची असू द्या. वाचनालय, नाट्यगृह, एखादं मंगल कार्यालय. शक्य असेल तर दोन महाविद्यालयांच्या मुलांनी मिळून करावा, म्हणजे एका संस्थेचा शिक्का बसत नाही. संस्थाचालकांना सांगायलाही तुम्हाला बरं, की कॉलेजचा संबंध नाही, मुलांनी गावात केलं. तुमच्याकडून हवी आहे ती मुलांना आडकाठी न करण्याची हमी, एक-दोन प्राध्यापकांची साथ, आणि त्या दिवशी अंतर्गत परीक्षा न ठेवण्याची मेहरबानी. खर्च मुलांनी वर्गणीतून करावा. उमेदवाराचा एक रुपया नको. ब वर्गातल्या, म्हणजे मध्यम आकाराच्या, नगरपरिषदेत नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराला या वेळी 11 लाख 25 हजारांपर्यंत खर्च करता येत होता. त्यातली माईकची बिलं मुलांच्या माथी आली तर सगळंच मुसळ केरात.

आणि आचारसंहिता? ती पक्षांना, उमेदवारांना आणि सत्तेत बसलेल्यांना आवर घालण्यासाठी असते. रीतसर परवानगी काढून, सगळ्यांना निमंत्रण देऊन, सारखा वेळ देऊन प्रश्न विचारायला ती आड येत नाही. आमच्या गावात आली नाही.

उमेदवार येतील का, हा प्रश्न उरतो. सगळे येणार नाहीत. ज्याला आपण जिंकतोय याची खात्री आहे तो सहसा येत नाही, कारण त्याला यातून मिळवायचं काही नसतं आणि घालवायचं बरंच असतं. 2024 च्या लोकसभेच्या वेळी न्यायमूर्ती मदन लोकूर, न्यायमूर्ती अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी पंतप्रधान आणि राहुल गांधी या दोघांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं. राहुल गांधींनी होकार दिला, चर्चा झाली नाही. दिल्लीत हे होतं तर आपल्या गावात का होणार नाही? आमच्याकडे न आलेल्या दोघांची नावं मंचावर लिहिलेली होती आणि निमंत्रण कधी दिलं तेवढं वाचून दाखवलं. काही मुलांना रिकाम्या खुर्च्यांना हार घालायचा होता. तो बेत मी हाणून पाडला. थट्टा केली की पुढच्या वेळी कुणीच येत नाही.

हेही सांगितलं पाहिजे की मी हा आग्रह सगळीकडे धरणार नाही. पुण्यासारख्या महापालिकेत एका प्रभागात चार-चार जागा, एकात तर पाच, 41 प्रभागांतून 165 नगरसेवक. प्रत्येक जागेची लढत वेगळी. तिथे एका प्रभागाचे सगळे उमेदवार बोलावले तर मंचावरच सभा भरेल. मुंबईत 227 प्रभागांत एकेकच जागा, तिथे जमू शकतं. ग्रामपंचायतीत तर नकोच. तिथे प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा सख्खा चुलता समोर उभा असतो, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याला त्याच वाड्यात जेवायला जायचं असतं. नगराध्यक्षपदाचं बरं आहे. 2020 मध्ये रद्द झालेली थेट निवड 2022 मध्ये परत आली, त्यामुळे अख्खं गाव एकाच पदासाठी मत देतं, उमेदवार मोजके असतात, आणि विचारायचे प्रश्न सगळ्यांचे सारखे असतात. अकरावी-बारावीच्या मुलांनी मंचावर बसू नये, असंही माझं मत आहे. त्यांनी ऐकायला यावं.

आता पाच वर्षांनंतरच्या निवडणुकीची आज काय घाई, असं विचाराल. या वेळचं, 2025 चं, वेळापत्रक बघा: 10 नोव्हेंबरपासून अर्ज, 26 नोव्हेंबरला चिन्हवाटप, 2 डिसेंबरला मतदान. उमेदवारांची अंतिम यादी हातात आल्यावर उरतात पाच-सहा दिवस. तेवढ्यात सभागृह, परवानग्या, निमंत्रणं, प्रश्न, सगळं उभं करायचं. ज्यांना ते आधी करून माहीत आहे त्यांनाच ते जमेल. शिवाय आज जी मुलं उत्साहात आहेत ती तोवर पुण्या-मुंबईला नोकरीला लागलेली असतील. दरवर्षी एका तुकडीने दुसरीला शिकवलं तरच हे टिकेल.

म्हणून माझं सुचवणं असं आहे. फेब्रुवारीत नगरपरिषदेचं अंदाजपत्रक येतं. ती काही गुप्त फाइल नाही, मागितली की मिळते, न दिल्यास माहितीचा अधिकार आहे. ते मंजूर झालं की त्यावर निवडून आलेले नगराध्यक्ष आणि त्यांच्या खालोखाल मतं मिळवलेले उमेदवार, या दोघांना मुलांनी बोलवावं. प्रचारात काय बोललात आणि इथे तरतूद किती, एवढाच विषय. निवडणूक नसल्याने वातावरणही तापलेलं नसतं. आमच्या मुलांची तयारी सुरू झाली आहे. पहिला प्रश्न वृक्ष कराचाच आहे, आणि या वेळी आकडा त्यांच्याकडे आहे.

अंदाजपत्रक कसं वाचायचं हे तुमच्या मुलांना दाखवायला मी शनिवारी दुपारी मोकळा असतो. मानधन नको, सत्कार तर मुळीच नको. जमा बाजू, खर्च बाजू, राखीव निधी, आणि ‘इतर’ या लेखाशीर्षाखाली काय काय दडवलेलं असतं, एवढं दोन बैठकांत होतं. फक्त मुलांबरोबर तुमच्या सहीचं एक पत्र पाठवा. नगरपरिषदेत ते लागतं. पत्राशिवाय आलेल्या मुलांना आवक-जावक टेबलावरूनच परत पाठवतात. मीही पाठवत असे.

आपला,
नगरपरिषदेचा एक निवृत्त लेखापाल